नैराश्याची गोळी बदलताना : मधले आठवडे तुम्ही कसे काढलेत?

मयेवासी

नमस्कार. डॉक्टरांची पुढची तारीख अजून लांब आहे आणि घरात किंवा शाळेत हा विषय काढावा असं माणूस सापडत नाही, म्हणून इथे लिहितेय.

नैराश्यासाठी मी काही वर्षं व्हेन्लाफॅक्सिन घेते. त्या औषधाने मला उभं केलं, वर्गात परत नेलं. त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण यंदा बीपी चढलं ते उतरेना. या औषधाने, विशेषतः डोस मोठा असला तर, बीपी वाढू शकतं हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि ते दर खेपेला मोजायचे. आता त्यांनी औषधच बदलायला घेतलंय. व्हेन्लाफॅक्सिन पायरी-पायरीने खाली, सर्ट्रालिन पायरी-पायरीने वर. कुठल्या आठवड्यात कुठली गोळी किती, हे चिठ्ठीवर नीट लिहून दिलंय आणि मी तसंच घेतेय.

तरी दिवस फार जड जाताहेत. नजर एकीकडून दुसरीकडे वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका येतो. फळ्याकडून मुलांकडे वळताना तर हमखास. कदंबच्या बसमध्ये गरगरतं. स्वप्नं इतकी ठसठशीत पडतात की त्यातलं भांडण सकाळी चहा घेतानाही मनातून जात नाही. पोट ढिलं आहे. आणि रडू येतं, कशावरूनही. काल मुलीने वेणी घालून मागितली आणि मला हुंदका आवरेना.

मला छळणारा प्रश्न असा की हे जुनं औषध सुटताना होतंय, नव्याचा त्रास आहे, की आजारच परत आलाय? ओळखायचं कसं? रात्री पडल्यावर वाटतं, नवी गोळी मला लागूच पडणार नाही आणि इतक्या वर्षांत जे कमावलं ते सगळं हातचं जाईल.

त्यात चवथ तोंडावर आली. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, सगळे भाऊबंद एका घरात, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधण्यापासून नेवऱ्या (करंज्या) तळण्यापर्यंत सगळं आम्हा जावांवर. मी गोळी घेते हे सासूबाईंना माहीत आहे, बदलतेय हे नाही. सांगावं का?

ज्यांनी औषध बदललंय त्यांनी कृपया लिहा.

झुआरी

ताई, मी वास्कोचा. माझं औषध दोनदा बदललंय. पहिल्यांदा एसिटालोप्रामवरून ड्युलोक्सेटिन, नंतर मिर्टाझापिन. तुमचा तिहेरी प्रश्न मलाही पडला होता आणि त्याचं उत्तर मला वहीने दिलं.

साधी शाळेची वही. रोज रात्री चार ओळी: आज काय आणि किती घेतलं, झोप कशी झाली, शरीर कसं होतं, मन कसं होतं. शरीर आणि मन मुद्दाम वेगळं लिहायचं. दोन-तीन आठवड्यांची पानं मागे-पुढे करून पाहिली तेव्हा डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं की चक्कर, झटके, मळमळ हे सगळं डोस उतरवल्यावर दोन-तीन दिवसांत येतं आणि पुढे हळूहळू ओसरतं. पुन्हा उतरवला की पुन्हा येतं. ही खूण जुनं औषध सुटण्याची.

आजार परत येतो तेव्हा तो आपल्या जुन्या वाटेने येतो. माझं नैराश्य नेहमी पहाटे चारला जाग येण्यापासून सुरू व्हायचं, मग जेवणावरची वासना जायची, मग कामावर जायला पाय निघायचा नाही. हे सगळं हळूहळू, आठवड्यांच्या हिशोबाने. डोक्यातले झटके माझ्या आजारात कधीच नव्हते. तुमच्या आजाराची पहिली पावलं कोणती होती ते आठवून लिहून ठेवा आणि आताच्या त्रासाशी ताडून पाहा. सरसकट नियम नाही हा, दोन्ही एकाच वेळीही असू शकतं. पण वही समोर असली की डॉक्टरांना निवाडा करता येतो, नाहीतर तेही आपल्या त्या दिवसाच्या चेहऱ्यावरूनच अंदाज बांधणार.

दुसरं, पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. फोन करा आणि सांगा की उतरवण्याचा वेग झेपत नाही. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी एका पायरीवर जास्त दिवस थांबवलं आणि फरक पडला. हा वेग दगडावरची रेघ नसतो.

आणि गरगरतं तोवर स्कूटर चालवू नका. मी त्या काळात रात्रपाळी बदलून घेतली होती आणि गाडी घरीच ठेवली होती.

औषधवाला म्हापसा

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. डोस कोणालाही सांगणार नाही. पण काउंटरवर हे प्रश्न रोज येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

झटके इतके का येतात? प्रत्येक औषध रक्तातून निम्मं व्हायला वेगवेगळा वेळ लागतो. व्हेन्लाफॅक्सिनला सुमारे ५ तास, त्यापासून शरीरात जो सक्रिय पदार्थ बनतो त्याला सुमारे ११ तास. म्हणजे एक कॅप्सूल अर्धा दिवस उशिरा झाली तरी काही जणांना जाणवतं. पॅरोक्सेटिनलाही साधारण एक दिवसच लागतो आणि तेही सोडायला अवघड म्हणून ओळखलं जातं. सर्ट्रालिन एका दिवसाच्या थोडं पुढे. फ्लुऑक्सेटिन मात्र रोज घेणाऱ्याच्या शरीरात कित्येक दिवस राहतं आणि त्यापासून बनणारा पदार्थ त्याहून जास्त. म्हणून ते सुटताना त्रास कमी होतो, पण त्याच्यानंतर दुसरं औषध कधी सुरू करायचं याचा विचार जास्त करावा लागतो. तुम्ही उतरवताय ते औषध या यादीतलं सगळ्यात चटकन ओसरणारं आहे, ताई. यात तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

बदलण्याच्या पद्धती तीन. काही औषधं आज ही, उद्या ती अशी थेट बदलता येतात. काहींमध्ये तुमच्यासारखी एक उतरत असताना दुसरी चढते. आणि काहींमध्ये जुनी पूर्ण थांबवून काही दिवस मोकळे ठेवावे लागतात. कुठली पद्धत कोणाला, हे औषधांच्या जोडीवर, वयावर, बाकीच्या आजारांवर ठरतं. शेजारणीची चिठ्ठी आपल्याला चालत नाही ती यामुळे.

दोन्ही गोळ्या एकत्र चालू असताना सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन, ही औषधं तेच वाढवतात) प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका असतो. तो क्वचित होतो, पण ओळखता आला पाहिजे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर साधारण २४ तासांच्या आत एकाएकी अंग थरथरणं, स्नायू आपोआप उडणं किंवा ताठरणं, भरपूर घाम, ताप, छातीत धडधड, जुलाब, असंबद्ध बोलणं, हे एकत्र दिसलं तर वाट पाहू नका, १०८ बोलवा आणि दोन्ही स्ट्रिप सोबत न्या. नुसतं पोट ढिलं असणं सर्ट्रालिनच्या सुरुवातीला पुष्कळांना होतं. गोळी जेवणानंतर घेतली की बऱ्याचदा कमी होतं.

याच कारणाने दुकानातून परस्पर काही घेऊ नका. खोकल्याच्या अनेक सिरपांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. दुखण्यावरच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल असतं. लिनेझोलिड नावाचं एक अँटिबायोटिक आहे. हे तिन्ही या औषधांशी जुळत नाहीत. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनसोबत रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी सांगा की मी सर्ट्रालिन घेते.

व्हेन्लाफॅक्सिनची हळूहळू सुटणारी कॅप्सूल चावू नका, कुटू नका. ‘अर्धी करून घेतली’ असं सांगणारी माणसं माझ्याकडे येतात. कमी पॉवरची वेगळी मिळते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या.

घरात आता दोन औषधांच्या आणि कदाचित तीन पॉवरच्या स्ट्रिप असतील. आठवड्याचे खाने असलेला डबा आणा, रविवारी चिठ्ठी समोर ठेवून भरा आणि उरलेलं कपाटात बंद करा. सकाळच्या घाईत चुकीची स्ट्रिप हातात येणं फार सोपं असतं.

आबा_साखळी

मुली, तुझं लिहिणं वाचून जीव कळवळला. माझं वय ७४. एवढ्या गोळ्या शरीरात कशाला घालायच्या? आमच्या वाड्यावरच्या एकाने सगळ्या गोळ्या एका दिवसात टाकून दिल्या, अश्वगंधा आणि प्राणायाम सुरू केला, आज मजेत आहे. गणरायाच्या आशीर्वादाने तूही हे करशील. काळजी वाटते म्हणून लिहिलं.

औषधवाला म्हापसा

आबा, तुमची माया पोचली. प्राणायाम ताईंनी जरूर करावा, त्याला कोणीच ना म्हणणार नाही. पण गोळी एका दिवसात टाकणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे. आज जो त्रास होतोय तो हळूहळू उतरवत असतानाचा आहे, एकदम थांबवलं तर किती होईल याचा विचार करा. शिवाय आजार उलटण्याची भीती. अश्वगंधाही औषधच आहे, तिने गुंगी वाढू शकते, थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. घ्यायची तर डॉक्टरांना सांगून, आणि औषध बदलण्याच्या या आठवड्यांत नकोच. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कोणालाच कळणार नाही.

कुशावती

मी रुग्णाच्या घरची. आईचं औषध बदलावं लागलं तेव्हा तिला नैराश्याचा काही त्रास नव्हता, पॅरोक्सेटिनवर ती छान होती. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, टॅमॉक्सिफेन सुरू करायचं ठरलं, आणि तेव्हा कळलं की टॅमॉक्सिफेनचं शरीरात ज्या एन्झाइममुळे कामाच्या पदार्थात रूपांतर होतं, तेच एन्झाइम पॅरोक्सेटिन अडवतं. म्हणून एसिटालोप्राम. कर्करोगाचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ एकमेकांशी बोलले म्हणून हे वेळेत झालं. ज्यांच्या घरात दोन-तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची औषधं चालतात त्यांनी सगळ्या गोळ्यांची एक यादी करून प्रत्येक डॉक्टरपुढे ठेवा. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन.

नवीन गोळी सुरू झाल्यावर आई एकदम मलूल झाली, डोकं दुखायचं, बोलताना वाक्य अर्धवट सोडायची. आम्हाला वाटलं नैराश्य उलटलं. रक्त तपासलं तर सोडियम खाली गेलेलं. वय जास्त, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, अशा माणसांत ही औषधं सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत असं होऊ शकतं. उपचार झाले, ती सावरली. वय झालेल्यांचं औषध बदलत असेल तर सोडियमची तपासणी कधी करायची हे डॉक्टरांना आधीच विचारा.

आता सासूबाईंचं. माझं मत स्पष्ट आहे : सांगा. सगळा आजार उलगडून सांगायची गरज नाही. ‘बीपीमुळे माझं औषध बदलतंय, महिनाभर चक्कर येईल, तळणाजवळ उभी राहू शकत नाही,’ एवढं पुरे. उकळत्या तेलाशेजारी चक्कर येणं हा खरा धोका आहे आणि तो कुठल्याही सासूला समजतो. नेवऱ्या भरून देणं, दूर्वा निवडणं, माटोळीची फळं बांधून ठेवणं ही बसून होणारी कामं तुम्ही मागून घ्या. आणि घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवत आरती सुरू झाली की आवाज डोक्यात जाईल. आतल्या खोलीत जाऊन पडण्याचं नवऱ्याशी आधी ठरवून ठेवा, म्हणजे त्या वेळी कोणाला उत्तरं देत बसावं लागणार नाही.

घरच्या बाकीच्या माणसांनाही सांगते, या काळात ‘आता बरं वाटतंय ना?’ असं दर तासाला विचारू नका. त्या माणसाला तुमच्या समाधानासाठी हो म्हणावं लागतं. त्यापेक्षा सोबत अंगणात दोन फेऱ्या मारा.

पर्वरीची वाट

समुपदेशक म्हणून एक जोडते. ‘नवी गोळी लागूच पडणार नाही’ ही रात्रीची भीती खूप जणांना असते. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्याच औषधाने पूर्ण बरं वाटलेले रुग्ण साधारण एक तृतीयांशच होते. ज्यांनी मग औषध बदललं त्यांच्यातल्या जवळपास चौघांतल्या एकाला दुसऱ्याने पूर्ण बरं वाटलं, आणि तीन वेगवेगळ्या औषधांत फारसा फरक दिसला नाही. त्या तिघांत सर्ट्रालिनही होतं आणि व्हेन्लाफॅक्सिनही. म्हणजे औषध बदलावं लागणं ही रोजची गोष्ट आहे. शिवाय तुमची गोळी कामच करत नव्हती म्हणून बदललेली नाही, बीपीमुळे बदललीय. ती स्थिती बरीच वेगळी. नव्या औषधाला पूर्ण जोर यायला ६ ते ८ आठवडे लागू शकतात, तेव्हा आजच निकाल लावू नका.

गोळीसोबत बोलण्याचा उपचारही घ्या. आपल्या गोव्यातच संगाथ संस्थेने यावर जगाने दखल घ्यावी असं काम केलंय. प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं, आणि त्याचा उपयोग होतो हे २०१० आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यातल्या नंतरच्या उपचाराचा गाभा सोपा आहे : मन तयार होण्याची वाट न पाहता, आधी आवडणारी एक छोटी गोष्ट ठरलेल्या वेळी करायची. तुमच्यासाठी ती मये तळ्याच्या बाजूने संध्याकाळची फेरी असू शकते.

रानपाखरू

मध्येच विचारतो, माफ करा. मी २१ वर्षांचा. जुनी गोळी बंद करून फ्लुऑक्सेटिन सुरू केलंय, आठवडा झाला. एका जागी बसवत नाही. पाय हलत राहतात, अंगातून काहीतरी बाहेर काढावंसं वाटतं. तीन रात्री झोप नाही. डोक्यात मरायचे विचार येताहेत, याआधी असे कधी आले नव्हते. हे पण सुरुवातीचं असतं का? सहन करू का?

पर्वरीची वाट

रानपाखरू, सहन करायचं नाही. आत्ता घरात जो कोणी असेल त्याला उठव आणि तू इथे लिहिलंयस तेच दाखव. एकटा राहू नकोस. गोळ्यांची सगळी पाकिटं त्यांच्या हातात दे.

१४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, २४ तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. विचार जोर करत असतील तर १०८ किंवा सरळ बांबोळीचं सरकारी इस्पितळ. कारमध्ये कोणीतरी तुझ्या शेजारी बसू दे.

तुला जे होतंय त्याला वैद्यकात नाव आहे, अकाथिसिया. औषध सुरू करताना किंवा बदलताना अशी आतली तगमग होऊ शकते आणि तिच्यावर उपाय आहे. २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेत २००७ पासून या सगळ्या औषधांवर छापतात. म्हणजे डॉक्टरांना हे माहीत असतं, तू सांगितलंस की ते लगेच काहीतरी करतील. इथे परत लिही, मी जागी आहे.

झुआरी

मीही जागा आहे. कोणी नेणारं नसेल तर तेही लिही.

रानपाखरू

आईला उठवलं. ती रडली पण ओरडली नाही. मामा गाडी काढतोय. बांबोळीला निघतो.

कुशावती

शाब्बास, बाळा. आईचा हात धरून जा.

रानपाखरू

दोन दिवसांनी लिहितोय. डॉक्टरांनी ती गोळी थांबवली, तगमगीसाठी वेगळं औषध दिलं, झोप लागली. नवीन काय द्यायचं ते पुढच्या आठवड्यात बघणार आहेत. गोळ्या आईकडे आहेत. रोज तीच देते. विचार अजून येतात पण तसे नाहीत. सगळ्यांना धन्यवाद.

मयेवासी

रानपाखरू, तुझा निरोप वाचून मी देवासमोर दिवा लावला. लिहीत राहा.

माझी हकीकत. झुआरी दादांच्या सांगण्यावरून फोन केला. डॉक्टरांनी व्हेन्लाफॅक्सिन आहे त्या पायरीवर आणखी काही दिवस थांबवायला सांगितलं, सर्ट्रालिन तशीच. झटके अजून येतात, पण फळ्याकडून वळताना आता भिंत धरावी लागत नाही. गोळी जेवल्यावर घेतेय, पोट सुधारलंय. वहीत पाहिलं तर रडणं डोस उतरवल्याच्या आठवड्यात जास्त आणि नंतर कमी, अगदी तुम्ही म्हणालात तसं.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग तळणाला धाकटी बसेल, तू भरून दे.’ एवढंच. नंतर त्यांनी स्वतःहून विचारलं की गोळीची वेळ कोणती, म्हणजे आरतीच्या गडबडीत त्या आठवण करतील.

एक प्रश्न राहिला. हरतालिकेचा उपवास मी दर वर्षी निर्जळी करते. यंदा गोळीचं काय करू?

औषधवाला म्हापसा

गोळी चुकवू नका. तुमच्या दोन्ही औषधांपैकी एकही त्या दिवशी बंद ठेवण्यासारखं नाही, व्हेन्लाफॅक्सिन तर मुळीच नाही. निर्जळी नको, फळं आणि दूध घ्या आणि त्यावर नेहमीच्या वेळी गोळी. चक्कर येत असताना दिवसभर पाण्याशिवाय राहिलात तर पडाल.

आबा_साखळी

आजारी माणसाला उपवासाची सूट शास्त्रातच आहे, मुली. फळं खा, गोळी घे. म्हापशाच्या या गृहस्थांचं ऐक.

मयेवासी

ठरलं आबा. फळं, दूध आणि गोळी. चवथीनंतर बीपी मोजायला जायचंय, आकडा काय येतो ते इथे लिहीन.